पाहिलं म्हणून सही

“बारा लॅपटॉपना लाल टॅग बांधून आलात तुम्ही, बाबा. सुतळीने. शाळा आहे ती, विमानाचा हँगर नाही.”

“सुतळी नव्हती. टॅगला लागतो तो दोरा होता,” दिवाकरराव म्हणाले.

“मुद्दा दोऱ्याचा नाहीये.”

“मग सांग ना मुद्दा. मघापासून नुसता आवाज चढवतोयस.”

देवव्रतने कप टेबलावर ठेवला. रविवारची सकाळ होती. पोह्यांच्या बशा अजून तशाच पडल्या होत्या. त्याची बायको आभा ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कोथिंबीर निवडत होती, म्हणजे सगळं ऐकत होती. उत्तराबाई नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून बाप-लेकाकडे आळीपाळीने बघत होत्या.

“मुद्दा असा,” देवव्रत एकेक बोट दुमडत म्हणाला. “शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती बुधवार. मंगळवारी शेखर सरांनी लॅब उघडली, तर एकाही मशीनला वायफाय नाही. त्यांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही गेलात. दुरुस्त करायचं सोडून तुम्ही बाराही मशीनना ‘होल्ड’चे टॅग लावलेत, चौकशी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं सरांना मुलांसमोर ओरडून सांगितलंत, लॅबला कुलूप लावलंत आणि किल्ली घेऊन घरी आलात.”

“तोच नियम असतो.”

“कुठला नियम?”

“बिघाड मुद्दाम केलाय असा संशय आला, की वस्तू सापडली तशी ठेवायची. आपण दुरुस्त केली की पुरावा गेला.”

आभा वळली. “बाबा, मुद्दाम कोण करेल? आठवीतल्या पोरी आहेत त्या.”

“पोरींचं नाव मी घेतलेलं नाही. तुमच्या त्या शेखर सरांनी केलंय.”

“माझे कुठले?” आभा म्हणाली आणि परत कोथिंबिरीकडे वळली.

दिवाकररावांनी पुढ्यातली बशी बाजूला केली आणि टेबलावर दोन बोटं ठेवली. त्यांना समजावून सांगायचं असलं की ते असंच करत. “नीट ऐक. त्या मशीनमधलं वायफायचं कार्ड म्हणजे एक खुर्ची समज. तिच्यावर बसू शकतील असे दोन कारकून आहेत. एकाचं नाव बी-४३, दुसऱ्याचं डब्ल्यूएल. ड्रायव्हर म्हणतात त्यांना. मशीन सुरू होताना दोघंही पळत येतात. आज हा आधी पोचला, उद्या तो. कधी दोघं दारातच अडकतात आणि खुर्ची रिकामी. म्हणून एकाला घरी बसवायचा. त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये लिहायचं. एकाचं. मी मंगळवारी फाइल उघडली, तर दोघांचीही नावं आत. बाराच्या बारा मशीनमध्ये. असं आपोआप होत नाही. कुणीतरी बसून, एकेक मशीन उघडून केलेलं काम आहे ते.”

“मग ते कुणीतरी शेखर सर कशावरून?”

“लॅबची दुसरी किल्ली कुणाकडे होती? आणि पासवर्ड मी त्यांनाच दिलेला.”

“आणि ते का करतील?”

“हात शिवशिवतात माणसांचे. इंटरनेटवर काहीतरी वाचतात आणि करून बघतात. मग कबूल करायला नको.” दिवाकरराव उठले. “मी संस्थेच्या सेक्रेटरींना अर्ज देणार आहे. उद्या लिहितो.”

“बाबा, तो माणूस कंत्राटावर आहे. दर जूनला नवी ऑर्डर निघते त्याची.”

“मग जबाबदारीने वागावं.”

देवव्रत काहीतरी बोलणार होता. त्याने आईकडे पाहिलं आणि गप्प बसला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ उत्तराबाईंना तेव्हा कळला नाही.

दिवाकर गायधनी ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं होते, इलेक्ट्रिकल विभागात. द्वारका चौकातून सुटणारी कारखान्याची बस त्यांना आयुष्यात दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा त्यांनी दोष सिग्नलला दिला. साहेब होण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. त्यांना आवडायची ती कामाची कार्डं. प्रत्येक कामाला एक कार्ड, आणि प्रत्येक कार्डावर शेवटी दोन रकाने. पहिल्यात काम करणाऱ्याची सही. दुसऱ्यात, ते काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची. एक वायर जोडलेली असो की शंभर, दुसरी सही झाल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही. “आपण केलेलं काम आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं,” ते सांगत. “म्हणून दुसरा लागतो.”

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी घरात तशी वही सुरू केली. गॅसचा सिलिंडर बदलला, तारीख, केले – दि. गा., पाहिले – उ. गा. उत्तराबाईंना तेव्हा तो खेळ वाटला होता आणि आवडलाही होता. त्या खरोखर जाऊन बघायच्या. रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहायच्या. “या, इन्स्पेक्टरबाई,” असं ते हाक मारायचे आणि त्या पदराला हात पुसत यायच्या.

मग देवव्रत झाला. वाचनालयातली नोकरी लागली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. वही मात्र येतच राहिली. तिच्यावर एका जागी नवऱ्याचं बोट असायचं आणि त्या बोटाच्या पुढे त्या सही करायच्या. उजवा हात पिठात असला तर डाव्या हाताने. टाकी धुतली, पंख्याचा कंडेन्सर बदलला, इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं. त्यांनी यातलं काहीही पाहिलेलं नसे. बघायचं काय होतं? हा माणूस चुकत नसे.

निवृत्तीनंतर वही रोडावली. गॅस पाइपने आला, टाकी धुवायला सोसायटीने माणूस नेमला, इन्व्हर्टर बघायला कंपनीचा पोरगा येऊ लागला. दिवाकरराव सकाळी उठून बस पकडायची असल्यासारखे तयार होत आणि इंदिरानगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहत. कुठेही जायचं नसे. अशी दोन-तीन वर्षं गेली. मग अंबडच्या एका कारखान्याने आपले बारा जुने लॅपटॉप दिंडोरी रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या शाळेला दिले. देवव्रत अंबडलाच नोकरीला होता, त्याने ही बातमी घरी आणली. लॅपटॉप इतके जुने की विंडोज सुरू व्हायलाच चहा उकळून व्हायचा. दिवाकरराव म्हणाले, मी बघतो.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते विंडोजऐवजी जुन्या मशीनवरही चालणारं लिनक्स शिकले. व्हिडिओ बघून, लोकांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं वाचून. जेवणाच्या टेबलावर दोन-दोन मशीन मांडलेली असत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर पळत असत. “बाबा, अक्षरं थांबली की सांगा, पानं घ्यायची आहेत,” आभा म्हणायची. तिच्या बोलण्याला धार होती, पण ती मशीन उचलून कधी बाजूला ठेवत नसे. सहा आठवड्यांत बाराही मशीन चालू झाली. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दिवाकरराव स्कूटरवरून शाळेत जात. तिथे त्यांना सगळे काका म्हणत. वहीला पुन्हा बाळसं आलं. शनिवारी दुपारी घरी आले की ते हात-पाय धुऊन लिहायला बसत, आणि मग वही स्वयंपाकघरात येई.

सोमवारी सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकली, मांडीवर पॅड घेतलं आणि अर्ज लिहायला घेतला. ‘मा. सचिव यांसी’ हे पहिल्यांदा वाकडं आलं म्हणून दुसरा कागद घेतला. मग आत डोकावून म्हणाले, “उत्तरा, वहीतून लॅबच्या तारखा काढून दे. ब्लॅकलिस्टच्या कामाच्या. मी काय केलं आणि केव्हा केलं ते आधी मांडतो. म्हणजे नंतर जे झालं ते माझं नव्हे, हे आपोआप दिसेल.”

उत्तराबाईंनी चष्मा लावला आणि वही घेऊन पलंगावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ती वही वाचायला म्हणून हातात घेतली नव्हती.

जूनची चौदा तारीख सापडली. ‘बारा मशीन. बी-४३ ब्लॅकलिस्टमध्ये. डब्ल्यूएल ठेवला. बूट इमेज नवी केली. सर्व चालू.’ खाली दोन सह्या. त्यांनी कागदावर तारीख उतरवली.

मग तेवीस ऑगस्ट. ‘अपडेटनंतर डब्ल्यूएल चालत नाही. डब्ल्यूएल ब्लॅकलिस्टमध्ये. बी-४३ ची ओळ काढली. बूट इमेज नवी केली. सर्व चालू.’ दोन सह्या. म्हणजे पहिल्या कारकुनाला परत बोलावला आणि दुसऱ्याला घरी बसवला. ठीक होतं.

पुढे सत्तावीस सप्टेंबर. ‘बारा मशीन. बी-४३ ब्लॅकलिस्टमध्ये. डब्ल्यूएल ठेवला. बूट इमेज नवी केली. लाइट गेली, मशीन बंद.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग जूनचं पान उलटून शेजारी धरलं. वाक्य तेच होतं, शब्दाला शब्द. मधला ऑगस्ट जणू घडलाच नव्हता. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन कारकून मोजायला संगणक येण्याची गरज नव्हती. दुसरा आधीच घरी होता. सत्तावीस तारखेला पहिल्यालाही घरी पाठवला. जुन्या बॅटऱ्या कधीच गेलेल्या, लाइट गेली तशी मशीन बंद पडली, आणि ती परत सुरू होताना कुणी बघितलंच नाही. त्यानंतर परीक्षा आणि दसरा. लॅब उघडली ती थेट मंगळवारी.

एरवी प्रत्येक पानावर शेवटी असणारा ‘चालू’ हा शब्द त्या पानावर नव्हता. ‘पाहिले’ मात्र होतं. त्यापुढे उ. गा., त्यांच्याच अक्षरात. सहीच्या शेपटीला हळदीचा पुसट डाग.

तो शनिवार त्यांना आठवला. दिवाकरराव भिजून आले होते. त्या भाजी फोडणीला टाकत होत्या.

आणि मग इतरही गोष्टी आठवायला लागल्या. त्यांनी पंधरा दिवसांत तीन वेळा आणलेला हिंग. “पूजेसाठी गुरुजींना फोन केलास का?” हे एका सकाळी चारदा विचारलेलं. त्या प्रत्येक वेळी त्या ‘हो’ म्हणाल्या होत्या आणि पुढच्या कामाला लागल्या होत्या.

गॅलरीतून आवाज आला, “सापडल्या का?”

“बघतेय,” त्या म्हणाल्या.

कागदावर दोन तारखा लिहून झाल्या होत्या. तिसरी लिहिली नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. पान फाडायचीही गरज नव्हती, वही कपाटात ठेवली की झालं. हा माणूस पुन्हा उघडून बघणार नव्हता, त्याचा त्यांच्यावर भरवसा होता. अर्ज जाईल. शेखर सरांची पुढच्या जूनची ऑर्डर निघणार नाही. आणि इथे शनिवारी सकाळी स्कूटर बाहेर पडत राहील. मग उत्तराबाई वही घेऊन गॅलरीत गेल्या.

“तुम्हीच बघा,” त्या म्हणाल्या आणि पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

दिवाकररावांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. पान मागे उलटलं, परत पुढे आणलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. खाली भंगारवाल्याची गाडी रेकॉर्ड लावून हळूहळू पुढे गेली.

“अक्षर माझंच आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“सत्तावीसला मी गेलो होतो?”

“गेला होतात. भिजून आलात. मी आलं घालून चहा दिला.”

ते आठवायचा प्रयत्न करत होते. तो प्रयत्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. अंधारात किल्ली चाचपडावी तसे ते चाचपडत होते, आणि हाताला काही लागत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी ते सोडून दिलं आणि बोट दुसऱ्या रकान्यावर नेलं.

“ही तुझी सही.”

“माझी.”

“काय पाहिलंस?”

“काही नाही.”

“लॅबमध्ये तू नव्हतीस, ते मी समजू शकतो. पण इथे ‘चालू’ लिहिलेलं नाही. हे तरी बघितलंस?”

“नाही.”

“मग पाहिलं म्हणून सही कशी केलीस?”

“तुम्ही बोट ठेवलंत. मी केली.”

“किती दिवस असं?”

“देवू झाला तेव्हापासून.”

त्यांनी वही मिटली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर उत्तराबाईंना बरं वाटलं असतं. ते समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत होते.

“मी समजत होतो,” ते म्हणाले, “कुणीतरी बघतंय.”

आत कुकरची शिट्टी झाली, तेवढ्यासाठी उत्तराबाई गेल्या. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा अर्जाचा कागद पॅडला तसाच अर्धवट लावलेला होता. “उद्या शाळेत जाऊ,” त्या म्हणाल्या. “मी येते.”

“स्कूटर काढू.”

“एसटीने जाऊ.”

त्यांनी वाद घातला नाही.

मंगळवारी सकाळची एसटी बरीच रिकामी होती. दोन्ही बाजूंना छाटणी झालेल्या द्राक्षबागा होत्या, नुसत्या काड्या उरलेल्या, आणि हातात मोजे घातलेल्या बाया ओळीने पुढे सरकत कोंब लवकर फुटावेत म्हणून काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावत होत्या. याच दिवसांत कुणाच्या आईबापाला तालुक्याला जाऊन फॉर्म भरायला सवड नसते. म्हणून तर तो भार शाळेने घेतला होता.

शेखर सर पस्तिशीचे, उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. फाटकापाशीच पुढे आले. “या काका. काकू, तुम्ही पण आल्या? लय बरं झालं.” मागच्या मंगळवारी मुलांसमोर ज्याला बोल लावले होते तो हाच माणूस, असं त्यांच्या वागण्यावरून कुणाला वाटलं नसतं.

दिवाकरराव तिथेच उभे राहिले. “सर, चूक माझी होती. दोन्ही नावं मीच लिहिली. तुम्हाला मी नाही नाही ते बोललो.”

“जाऊ द्या काका. मशीन हाय, व्हायचंच.”

“मशीनने केलं नाही. मी केलं. फॉर्म किती राहिले?”

शेखर सरांनी उत्तराबाईंकडे पाहिलं. “अडतीस होते. माझ्या फोनवरून भरत बसलो. चौतीस झाले. चार राहिले, मग साइट बंद झाली.”

“कोण चार?”

“सृष्टी, आणि तिच्या वर्गातल्या तिघी.”

“पुढच्या वर्षी?”

“आठवीलाच असतं काका ते.” सरांनी घसा खाकरला. “मी पोरींना सांगितलंय, साइट बिघडली म्हणून. तुमचं नाव नाय घेतलं.”

“खोटं का सांगितलंत?”

“मग काय सांगू, काका?”

दिवाकररावांनी खिशातून किल्ली काढली आणि लॅब उघडली.

बारा मशीन, बारा लाल टॅग, प्रत्येकावर त्यांच्या सुबक अक्षरात तारीख आणि सही. उत्तराबाईंनी पर्समधली छोटी कात्री काढून दोरे कापले. मग त्या स्टूल ओढून नवऱ्याच्या शेजारी बसल्या, मांडीवर वही घेऊन. “आता मला सांगत सांगत करा,” त्या म्हणाल्या. “मी बघणार आहे.”

पहिलं मशीन सुरू झालं. दिवाकररावांनी फाइल उघडली. “ही दोन नावं. दिसतायत? खालची ओळ बी-४३ ची. ती काढतो. बघ.” “काढली,” त्या म्हणाल्या. “आता बूट इमेज. नुसती ओळ काढून भागत नाही. मशीन सुरू होताना आधी जे वाचतं, ते नव्याने बांधावं लागतं.” त्याला दोन-तीन मिनिटं लागत. मग मशीन बंद करून सुरू केलं. अक्षरं पळाली, थांबली, आणि कोपऱ्यात वायफायची खूण आली. त्यांनी ‘चालू’ लिहिलं. उत्तराबाईंनी खुणेकडे नीट बघून सही केली. आपण इतकी वर्षं कशावर सही करत होतो, ते त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा समजत होतं. त्यांना ते चक्क आवडत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

सहा मशीन अशी झाली. दिवाकररावांचा हात कुठेही अडखळला नाही. उत्तराबाईंच्या मनात आलं की कदाचित तेवढा एकच शनिवार असेल. पावसात भिजले होते. डोकं दुखत असेल. एखादा दिवस कुणाचाही असतो.

सातव्या मशीनची ओळ काढून झाली, बूट इमेज बांधायला लावली आणि शिपाई नाथा चहा घेऊन आला. चहा झाला. दिवाकररावांनी कप खाली ठेवला, त्याच मशीनकडे वळले आणि फाइल पुन्हा उघडली. आत एकच नाव होतं. त्यांनी मान हलवली आणि खाली दुसरी ओळ टाइप करायला घेतली, अगदी शांतपणे, बी-४३.

“हा लिहिला नाही, तर दोघं भांडत बसतील,” ते बायकोला समजावत म्हणाले.

“अहो, ही ओळ आपण आत्ताच काढली.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ओळख नसलेल्या बाईने रस्ता सांगावा आणि आपण ऐकून घ्यावं, तसं सौजन्याने. “काढली?”

“वहीत बघा. मागची सहाही तशीच आहेत.”

त्यांनी वही पाहिली. पडद्याकडे पाहिलं. मग कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“सरांना बोलाव,” ते म्हणाले. “उरलेली त्यांना करू दे.”

शेखर सर आले. उत्तराबाई वहीतून एकेक पायरी वाचून दाखवत होत्या आणि सर करत होते. दिवाकरराव भिंतीला लावलेल्या खुर्चीवर बसून होते. मध्ये एकदा सरांनी मागे वळून विचारलं, “काका, बरोबर हाय ना?” दिवाकरराव म्हणाले, “तिला विचारा. ती बघतेय.” दुपारी एकच्या आत बाराही मशीन चालू झाली.

ते तोंड धुवायला नळावर गेले, तेव्हा शेखर सर व्हरांड्यात उत्तराबाईंजवळ येऊन उभे राहिले. “काकू, त्या टॅगांचं सांगायला मी देवव्रत साहेबांना फोन केला, तो काही तक्रार म्हणून नव्हता. गेल्या महिन्यात काका रविवारी आले होते. शाळा बंद. नाथानं पाहिलं, इथं पायरीवर बसून होते दोन तास. मुलं का येत नाहीत, म्हणून त्याला विचारत होते. तेव्हापण मी साहेबांना सांगितलं होतं. वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

“हो,” उत्तराबाई म्हणाल्या. ‘हो’ म्हणायची त्यांना सवय होती. मग त्या म्हणाल्या, “नाही. मला ठाऊक नव्हतं.”

परतीच्या एसटीत दिवाकरराव खिडकीशी बसले होते. म्हसरूळ आलं तेव्हा ते म्हणाले, “चार मुली.” आणखी थोड्या वेळाने म्हणाले, “मागच्या मंगळवारी मी टॅग न लावता ती ओळ काढली असती, तर अर्ध्या तासाचं काम होतं.” उत्तराबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

संध्याकाळी देवव्रत अंबडहून आला. बूट काढायला वाकला, तेव्हाच उत्तराबाईंनी दारात विचारलं, “रविवारी शाळेच्या पायरीवर बसले होते, ते तुला माहीत होतं.”

तो वाकलेलाच राहिला. “हो.”

“महिना झाला.”

“तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस, आई.”

“नसतं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मीही झाकलंच असतं. तेच तर.”

आठ वाजता पानं घेतली. आभाने वांग्याचं भरीत केलं होतं. पहिली भाकरी तिने सासऱ्यांच्या ताटात वाढली. दिवाकररावांनी एक घास खाल्ला, पाण्याचा घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं.

“लॅबची किल्ली मी शेखर सरांना देऊन आलो,” ते म्हणाले. “यापुढे मी शाळेत जाणार नाही.”

“बाबा, एवढं काही…” देवव्रतने सुरुवात केली. “थोडे दिवस थांबा, मग बघू.”

“ठरलंय ते. स्कूटरही चालवणार नाही, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. गुरुवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मेंदूच्या. उत्तरा येणार आहे बरोबर. डॉक्टर काय म्हणाले ते मला विचारू नका. तिला विचारा.”